स्त्रीराज्याची राणी

१९३२ साली कोल्हापुरात, एकाच कंपनीसाठी, एकाच अभिनेत्रीने दोन राण्यांच्या भूमिका केल्या. पहिली तारामती, दुसरी स्त्रीराज्याची राणी. तारामती महाराष्ट्राने जपून ठेवली आहे. ‘अयोध्येचा राजा’ हा ‘प्रभात’चा पहिला बोलपट म्हणून प्रत्येक इतिहासात उल्लेखिला जातो आणि त्याबरोबर दुर्गा खोटे हे नावही आदराने येते. ‘माया मच्छिंद्र’चे भाग्य तसे नाही. चमत्कृतिपूर्ण दृश्यांचा एक पौराणिक चित्रपट एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण होते. वस्तुतः दुर्गाबाईंच्या जीवनाकडे आणि करवीर नगरीच्या चित्रपरंपरेकडे एका काहीशा अवघड प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे असेल तर हाच चित्रपट हाती घेतला पाहिजे. पुरुषाचा मागमूसही नसलेले एक संपूर्ण राज्य मराठी पडद्यावर उभे राहिले ते येथे. त्या राज्यातील स्त्रियांचे एकमेकींशी नाते काय होते, त्यांच्यात प्रेम होते की नाही, देहाची ओढ होती की नाही, हा प्रश्न मात्र त्या कथेला पडला नाही. आणि पुढे जवळजवळ अर्धशतक आपल्या रंगभूमीला आणि चित्रपटालाही तो धडपणे पडला नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. मुंबईतील सधन व सुशिक्षित लाड घराण्याची ही कन्या. कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर्स महाविद्यालय, घरात गाणे, इंग्रजी वाङ्मयाचा परिचय, असे त्या काळी फार थोड्या मराठी मुलींच्या वाट्याला येणारे बालपण त्यांना लाभले. तितक्याच सधन खोटे कुटुंबात त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे झाले. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली आणि ऐषारामात वाढलेल्या या तरुणीवर स्वतः मिळवून मुलांना वाढविण्याची वेळ आली. १९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. तो चित्रपट सर्वच दृष्टींनी फसला, आणि कुलीन घराण्यातल्या स्त्रीने अशा चित्रपटात उभे राहावे याबद्दल त्यांना आप्तेष्टांकडून व समाजाकडून पुष्कळ सोसावे लागले. त्याच चित्रपटातील त्यांचे काम पाहून व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘प्रभात’साठी निवडले, हा दैवगतीचा चमत्कारच म्हटला पाहिजे.

त्या ज्या कोल्हापुरात आल्या तेथे चित्रपटात स्त्रीने काम करणे ही गोष्ट नवी नव्हती. परंतु तिची किंमत कोणी मोजली होती हे विसरता येणार नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली तेव्हा तिला भांडवल पुरविण्यात तानीबाई कागलकर या गायिकेचा हात होता. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी स्त्रीभूमिका केल्या, कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे घेऊन. नावे बदलूनही त्यांची सुटका झाली नाही. स्वजनांच्या रोषाला त्यांना तोंड द्यावेच लागले. बारा वर्षांनी दुर्गाबाई आल्या तेव्हा घरंदाज घराण्याचे नाव त्यांनी बदलले नाही, आणि पुढे समाजानेही ते नाव मानाने घेतले. या मानाच्या तळाशी त्या दोघींची अवहेलना आहे, हे कोल्हापूरकरांनी तरी ध्यानात ठेवावे.

येथे थोडे विषयांतर करून संगीत रंगभूमीची आठवण करणे अवश्य आहे. ज्या प्रेक्षकवर्गाने ‘प्रभात’चे बोलपट पाहिले तो नाटकावर वाढलेला होता. त्या नाटकांतून नायिका आणि तिची सखी यांचे प्रवेश हा एक हमखास भाग असे. विरहाने व्याकुळ झालेली नायिका सखीच्या गळ्यात पडे, सखी तिची वेणी घाली, तिला चिडवी, तिच्या मनातले काढून घेई. परंतु त्या नायिकेच्या आणि सखीच्या शालूंत पुरुष असत. बालगंधर्व काय, कोल्हापूरचेच केशवराव भोसले काय, स्त्रीच्या रूपाने रसिकांना वेड लावणारे हे थोर नट पुरुष होते. स्त्रियांमधील जवळीक अशा रीतीने दुहेरी पडद्याआडून दाखविली जाई आणि त्यामुळेच कोणाला तिचे भय वाटत नसे. पडद्यावर खऱ्याखुऱ्या दोन स्त्रिया समोरासमोर आल्या तेव्हा तो संकेत मोडला. मग मात्र सखी हळूहळू मागे सरकली, आणि तिच्या जागी एक तर विनोदी दासी आली किंवा मत्सरी सवत. मला हा योगायोग वाटत नाही.

‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते आणि दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. बोलावयाचे ते कॅमेऱ्यासमोर, गावयाचे तेही कॅमेऱ्यासमोर. गाण्याची तालीम गोविंदरावांकडून मिळाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या मंडळींच्या शिस्तीत मुंबईची ही सुखवस्तू स्त्री पाहता पाहता मुरली. तारामतीच्या यशाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. पतीच्या सत्यासाठी विकली जाणारी राणी हे आपल्या समाजाला पूर्ण मानवणारे चित्र होते.

‘माया मच्छिंद्र’ची राणी याच्या नेमकी उलट टोकाला उभी होती. ती पुरुषांचा द्वेष करते, राज्य चालविते, चित्ता पाळते. तिच्या राज्यात योगी मच्छिंद्रनाथ येतो आणि गुंततो. गुरूला सोडविण्यास शिष्य गोरक्षनाथ येतो. अखेरीस हा सारा मोह म्हणजे शिष्याच्या परीक्षेसाठी गुरूने उभी केलेली माया होती असा उलगडा होतो. मराठी घरांतून नाथपंथाची ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. एकोणिसाव्या शतकात रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’ची पारायणे आजही चालतात. त्या पोथीतील स्त्रीराज्यात संततीची अडचण मारुतीच्या भुभुःकाराने सोडविली जाते. जैमिनी अश्वमेधातील प्रमिलेच्या राज्यातही अर्जुनाचा घोडा शिरल्यावाचून कथेला गती येत नाही. पुरुषाविना स्त्रिया राहू शकतात एवढे आपले कथाकार मान्य करतात. परंतु त्या राहतात त्या वाट पाहत, असे त्यांचे गृहीत असते. बंगालात मात्र कृत्तिवास रामायणाच्या काही प्रतींत निराळीच कथा आढळते. दिलीप राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन विधवा राण्या परस्परांच्या प्रेमात राहतात आणि त्या प्रेमातून भगीरथाचा जन्म होतो. म्हणजे गंगा भूमीवर आणणारा पुरुष दोन स्त्रियांच्या शृंगारातून जन्माला आला असे सांगणारी वाणीही याच देशातली आहे. आपल्याकडे मारुतीचा हुंकार, तिकडे दोन राण्यांची शेज. परंपरा एकच उत्तर देते असे मानणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. कोल्हापुरात स्त्रीराज्याचे देखावे उभे राहत होते त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या भागातही दोन चित्रपट याच प्रदेशात शिरत होते. जर्मनीत १९३१ साली लिओंटीन सागान या दिग्दर्शिकेने ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ हा चित्रपट केला. त्यात एकही पुरुष नट नाही. प्रशियातील मुलींच्या एका करड्या शिस्तीच्या वसतिशाळेत एक आईवेगळी मुलगी आपल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडते आणि ते उघड बोलून दाखविते, एवढीच त्याची कथा. पुढे नाझी राजवटीत त्यावर बंदी आली. १९३३ साली हॉलिवूडच्या ‘क्वीन ख्रिस्तीना’त ग्रेटा गार्बोने सतराव्या शतकातील स्वीडनची राणी साकारली. पुरुषी पोशाखात वावरणारी ही राणी आपल्या सखीचे ओठांवर चुंबन घेते. कथा मात्र लवकरच एका स्पॅनिश राजदूताकडे वळविली जाते. कोल्हापूर, बर्लिन आणि हॉलिवूड यांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरीही तीन वर्षांच्या आत तिन्ही ठिकाणी स्त्रियांचे असे एक जग पडद्यावर आले. बर्लिनने प्रश्न सरळ विचारला, हॉलिवूडने अर्धा विचारून मागे घेतला, आणि आपण तो मायेत गुंडाळला.

यासाठी शांताराम किंवा त्यांचे सहकारी यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पौराणिक कथेला जे मंजूर तेच त्यांनी केले, आणि तंत्राच्या दृष्टीने ते फार उत्तम केले. शृंगार त्यांनी टाळला असेही नाही. योग्याला भुलविणारे ऐश्वर्य आणि स्त्रीदेहाचे सौंदर्य त्या काळाच्या मानाने मोकळेपणानेच मांडले आहे. प्रश्न एवढाच की तो सर्व शृंगार एका दिशेचा आहे. तो पाहणारा पुरुष कथेत यावा लागतो. तो येईपर्यंत त्या स्त्रिया जणू कोणाकडे पाहतच नाहीत. या मर्यादेतही दुर्गाबाईंनी राणीला मोहिनीच्या पातळीवर उतरू दिले नाही. त्यांच्या उभे राहण्यात, मान वळविण्यात एक प्रकारची स्वयंपूर्णता होती. ही स्त्री कोणाची वाट पाहत नव्हती, असे तिच्याकडे पाहून वाटावे, अशी. कथानक एक सांगते आणि नटी दुसरे, असे क्वचित घडते. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल येथे काहीही सुचवावयाचे नाही. बोलणे आहे ते केवळ त्यांनी उभ्या केलेल्या राणीविषयी.

१९३३ साली ‘प्रभात’ने कोल्हापूर सोडले आणि पुण्यास बिऱ्हाड केले. कोल्हापूरच्या जिव्हारी लागलेली ही गोष्ट आहे, परंतु तिची कथा निराळी. दुर्गाबाईंनी तर कोणत्याच एका कंपनीशी बांधून घेतले नाही. मासिक पगारावर नटनटी ठेवण्याच्या त्या काळात स्वतंत्रपणे काम करण्याचा पायंडा ज्यांनी पाडला त्यांत त्या अग्रभागी होत्या. कलकत्त्यास जाऊन देवकी बोस यांच्या ‘सीता’त त्यांनी काम केले. १९३६ साली त्या पुन्हा शांतारामांकडे आल्या त्या ‘अमरज्योती’साठी. यातील सौदामिनी ही अपत्यावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे राज्यसत्तेविरुद्ध शस्त्र उचलणारी समुद्रावरची दरोडेखोर आहे. तिच्या गलबतावर राजकन्या नंदिनी येते. ही भूमिका शांता आपटे यांची. वरवर पाहता हा एका सूडाचा प्रवास. परंतु त्यातील खरी ओढाताण दोन स्त्रियांमधली आहे. सौदामिनीला नंदिनी आपल्या बाजूस हवी आहे. पुरुषाच्या प्रेमात न सापडलेली, स्वतंत्र, आपली. नंदिनी एका तरुण धनगराच्या प्रेमात पडते आणि तो सौदामिनीचाच हरवलेला मुलगा निघतो. कथा-योजनेतील ही चतुराई सर्वांचे समाधान करते. स्त्रीचा स्त्रीवरील हक्क सासू-सुनेच्या ओळखीच्या नात्यात बसविला जातो. तथापि तो मुलगा सापडेपर्यंतचा जो काळ आहे त्यात पडद्यावर दोन स्त्रिया एकमेकींसाठी झगडतात, आणि तो काळ चित्रपटाचा सर्वांत जिवंत काळ आहे. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला.

पुढचे आयुष्य सर्वपरिचित आहे. १९४० च्या आधीच ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन, ‘पायाची दासी’, ‘भरत मिलाप’, मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावरची मोठी कामे, त्यांत शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधली लेडी मॅकबेथच्या वळणाची भूमिका, पद्मश्री १९६८ साली, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ साली. वयोमानाप्रमाणे आईच्या भूमिका आल्या आणि प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांनी त्यांना आई म्हणूनच ओळखले. १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई ही त्यांतली सर्वांत भव्य. त्या चित्रपटात अंतःपुर आहे, शेकडो दासी आहेत, परंतु सर्वांच्या नजरा एका राजपुत्राकडे लागलेल्या. हिंदी ऐतिहासिक चित्रपटाने या अंतःपुराचे दार किलकिले केले ते १९८३ साली, कमाल अमरोही यांच्या ‘रझिया सुलतान’मध्ये. नौकेत सुलताना आणि तिची सखी, वर एक शुभ्र पीस, आणि त्या पिसाआड दोघींचे चेहरे. पीस कशासाठी आहे हे प्रेक्षकांना न सांगता समजले. सखी परत आली होती, पण पिसाआडून.

त्याच सुमारास मराठीत मात्र पीस बाजूला सारले गेले होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातील महाविद्यालयीन जगात घडणाऱ्या या नाटकात सुमित्रा देव ही तरुणी दुसऱ्या तरुणीवर प्रेम करते आणि शेवटी स्वतःचा जीव घेते. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. पटकथा तेंडुलकरांचीच. त्यातील महिलाश्रम हेही एक स्त्रीराज्यच होते, केवळ ऐश्वर्याऐवजी दारिद्र्य असलेले. तेथे दोन आश्रमवासी स्त्रियांचे परस्परांवरील प्रेम उघडकीस येते आणि ते एक संकट ठरते. स्मिता पाटील यांनी रंगविलेली सहृदय अधीक्षिकादेखील त्याकडे प्रथम एक समस्या म्हणूनच पाहते. तेंडुलकरांचे धैर्य वादातीत आहे. तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी जे नाते माया म्हणून वगळले गेले ते जेव्हा दाखविले गेले तेव्हा मरण म्हणून आणि रोग म्हणून. त्या दोघींना एक वेणी घालण्याचा, एक सुखाचा प्रवेश मिळाला नाही. संगीत नाटकातल्या पुरुष-सख्यांना तो रोज रात्री मिळत होता.

हा केवळ कलेचा प्रश्न असता तर अग्रलेखाच्या पानावर त्याला जागा मागण्याचे कारण नव्हते. १९८७ साली भोपाळमध्ये दोन महिला पोलिसांनी परस्परांशी विवाह केला आणि दोघींची नोकरी गेली. १९९८ साली ‘फायर’ प्रदर्शित झाला तेव्हा मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले. त्या वेळी आक्षेपाचा सूर असा की हे आपल्यात नव्हतेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्हेगारीचा शिक्का पुसला. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाची कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे दोन स्त्रिया एकत्र राहिल्या तर आता तो अपराध नाही. परंतु त्यांतली एक रुग्णालयात पडली तर दुसरी कोण, या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नाही. गावाकडे तर त्याहून आधीचाच प्रश्न असतो. ज्या मुलीला आपल्या मनात काय आहे ते सांगण्यासाठी भाषेत शब्दच मिळाला नाही, तिला लग्नाच्या बोलणीत नाही म्हणता येत नाही. ती नुसती गप्प राहते, आणि गप्प राहणे हा होकार समजला जातो. तिला शब्द कोठून मिळावा? पोथीतून, नाटकातून, चित्रपटातूनच ना?

यावर असे म्हटले जाईल की ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रपट हे स्फूर्तीसाठी असतात, तेथे हे विषय कशाला? भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांनी कोल्हापूरला जो लौकिक दिला त्याचा मलाही अभिमान आहे. परंतु त्या वाड्यांत स्त्रिया केवळ ओवाळण्यापुरत्या येतात हेही खरे आहे. पुरुष महिनोन्‌महिने मोहिमेवर असताना ते वाडे रिकामे नव्हते. तेथे सुना, विधवा, दासी, नणंदा एकमेकींच्या आधाराने आयुष्ये काढीत होत्या. त्यांतल्या कोणा दोघींचे मन एकमेकींत गुंतलेच नाही, असे खात्रीने सांगण्याइतका पुरावा कोणत्या बखरीत आहे? मोरेवाडीच्या चित्रनगरीत आजही चित्रीकरणे होतात. राजवाड्याचा देखावा उभारताना दिवाणखान्याइतकाच खर्च एखाद्या वेळी माजघरावर करून पाहावा, एवढीच सूचना.

दुर्गाबाई २२ सप्टेंबर १९९१ रोजी निवर्तल्या. त्यांच्यावरच्या लेखांतून आई आणि तारामती यांचे स्मरण झाले ते योग्यच. स्त्रीराज्याच्या राणीला फारसे कोणी आठवले नाही. ज्या गावात ती राणी झाली त्या गावाची अधिष्ठात्री देवी आहे, आणि त्या देवीची एक कथा येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्याचे बोलावणे त्र्यंबोलीला द्यावयाचे राहून गेले. ती रुसली, नगराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली आणि तिने कोल्हापूरकडे पाठ फिरविली. तिला कोणी बहीण म्हणते, कोणी सखी. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी लवाजम्यासह टेंबलाईच्या टेकडीवर जाते, रुसलेलीची समजूत काढते, कोहळ्याचा विधी होतो आणि मग पालखी परतते. या कथेला शृंगाराचे नाव कोणी देत नाही, मीही देत नाही. परंतु एका स्त्रीच्या मनाला दुसरीच्या विसरण्याने झालेली जखम साऱ्या नगराने वाजतगाजत, पायी चालत जाऊन भरून काढावी, इतकी ती मोठी आहे, एवढे या गावाला फार पूर्वीपासून कळते. ‘प्रभात’ची मंडळी याच गावात राहिली, वाढली; पालखीच्या या वाटेवर तीही उभी राहिली असतीलच.